वरच्या डेकचे वीस रुपये

भाऊच्या धक्क्यावर बोंबलांच्या टोपल्या उतरत होत्या
आणि आम्ही चढत होतो,
मी, अण्णा, आणि साखरपुड्याच्या साड्यांची पिशवी.
चोंढीला रस्त्याने चार तास, म्हणून रेवसची लाँच.
एप्रिल संपत आलेला. साडेआठलाच
लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता.

"वर बसायचे वीस रुपये जादा," तिकिटाचा पोरगा म्हणाला.
अण्णा खालीच वळले होते, सवयीने,
इंजिनाच्या धगीकडे, जिन्याकडे न बघता.
मी चाळीस रुपये काढले.

अकरा उन्हाळे अण्णा
अटलांटिकच्या उत्तर किनाऱ्यावर होते.
शाळेत मी हे एका दमात सांगायचे.
हॅलिफॅक्स. सेंट जॉन्स. भूगोलाच्या बाई
नकाशावर पट्टी टेकवायच्या
आणि अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा.
घोडपदेवच्या खोलीत, कपाटाच्या दारावर आतून
आईने त्यांची कार्डं डकवलेली:
लाल-पांढरा दीपस्तंभ, देवमाशाचं शेपूट
आणि जूनमधला एक हिमनग,
डांबराच्या गोळ्यांच्या वासात निळा.

लाँच सुटली. अण्णा बाकाच्या टोकाला,
दोन्ही हात मांडीवर,
कुणाच्या घरी पहिल्यांदा आल्यासारखे.
मी विचारलं, तिकडचा समुद्र असाच होता?
करंज्याचा डोंगर दिसेपर्यंत बोलले नाहीत.
मग म्हणाले, कुणाला माहीत.

कुणाला माहीत?

"लाँड्री पाण्याच्या रेषेखाली असते गो.
खिडकी नाही. चौदा मशिनं, इस्त्रीचे दोन रूळ,
आणि हजारभर माणसांच्या चादरी."

किनारा त्यांच्याकडे खिशांतून यायचा.
झाडाच्या हिरव्या सुया, म्हणजे जंगल होतं कुठेतरी.
मोज्यांत वाळू, म्हणजे आज माणसांना उतरवलं.
टेबलाच्या कापडाला शेवंडीचं लाल साल आणि लोणी,
म्हणजे बंदर मोठं.
एकदा एका कोटात कवळी निघाली.
तीन दिवस पेल्यात पाणी बदलत ठेवली,
मागायला कुणी आलं नाही.
धुकं भोंग्यावरून कळायचं.

"बर्फ मात्र हाताने," ते म्हणाले.
वरच्या जिन्यांवर पावलं धावायला लागली,
सगळे फोटो काढायला एका अंगाला जमले,
की हे मशिनांच्या मागे जायचे
आणि जहाजाच्या पत्र्याला तळवा लावायचे.
पाठीवर वाफ. समोर कुल्फीच्या साच्यासारखं लोखंड.
"तो मागे पडला की पत्रा परत कोमट व्हायचा."

खरंच व्हायचा का, मला माहीत नाही.
त्यांनाही नसेल.
कार्डं खलाशांच्या दुकानात मिळायची, अर्ध्या डॉलरला.

'हा बघ हिमनग,' असं मागे लिहिलेलं होतं.
मी मनातल्या मनात ते कार्ड पुन्हा उलटलं.
'मी पाहिला' असं लिहिलेलं नव्हतं.
एकाही कार्डावर नव्हतं.

मग बराच वेळ नुसतं इंजिन.
नांगरावरची तेलाची जहाजं, गंजून तांबडी,
एक कोळी होडीत उभा राहून दात घासत होता,
आणि इतर सगळे गेल्यावर मागे राहिलेला एक सीगल
गाठ्यांसाठी आमच्या मागे मागे.
अण्णांनी चपला काढल्या.
घाम पुसलेला रुमाल मांडीवर पसरला,
काठाला काठ लावून चौपट घडी केली,
तळव्याने दाबली,
आणि ती तशीच वाऱ्यावर विसरून
समोर बघत बसले.
रुमाल गेला. मी काही बोलले नाही.

रेवसला ओहोटी लागलेली, धक्क्याच्या पायऱ्यांना चिखल.
मी पिशवी काखेत घेऊन त्यांचा हात धरला.
तिसऱ्या पायरीवर थांबून म्हणाले,
"येताना पण डावीकडेच बसू."

तीच बाजू पुन्हा कशाला, अण्णा?

"तोंड फिरतं ना गो बोटीचं.
येताना डावीकडे
ती दुसरी असते."